जोडे स्वस्त, खुंटजोडे महाग

च्वांग त्सू, कन्फ्यूशियस आणि एकूणच ‘चिनी बोधकथा’ मराठीत आणणारे लेखक, अनुवादक, बालसाहित्याचे संपादक आणि व्याख्याते यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पेटी वाजवणाऱ्या एका आंधळ्या माणसाचा धाकटा भाऊ. ‘आंधळा’ हा शब्द त्याचाच. कोणी ‘दृष्टिबाधित’ म्हटलं की दादा विचारतो, “बाधा कसली, बाहेरची का?” भजनाच्या कार्यक्रमांना त्याला नेणं-आणणं गेली तीसेक वर्षं माझ्याकडे आहे. फावल्या वेळात जुने चिनी ग्रंथ वाचणं हा माझा नाद, आणि वाचलेलं रात्री दादाला सांगणं हा त्या नादाचा दुसरा भाग. पत्राचा विषय या दोन गोष्टींच्या सांध्यातूनच निघाला.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय होता एकाग्रता. वक्त्यांनी च्वांग त्सू या प्राचीन चिनी विचारवंताच्या ग्रंथातली गोष्ट रंगवून सांगितली. कन्फ्यूशियस छू राज्याकडे चाललेला असतो. रानात एक म्हातारा चिकटा लावलेल्या बांबूने झाडावरचे सिकाडा किडे टिपताना दिसतो, आणि टिपतो कसा, तर जमिनीवर पडलेलं काही उचलावं इतक्या सहज. कन्फ्यूशियस युक्ती विचारतो. म्हातारा सांगतो, पाच-सहा महिने बांबूच्या टोकावर गोळ्या तोलायचा सराव केला. दोन गोळ्या न पडता तोलता आल्या तेव्हा किडे थोडेच निसटायला लागले, तीन जमल्यावर दहात एक, आणि पाच जमल्यावर हे असं. टाळ्या पडल्या. परतताना रिक्षात मी दादाला म्हटलं, “मूळ गोष्टीत तो कुबडा आहे.” दादा जरा थांबून म्हणाला, “मग यांनी कुबड कुठं ठेवलं?”

तो प्रश्न मी तुमच्याकडे पाठवतोय.

मूळ चिनीत त्या माणसाला नाव नाही. त्याची ओळखच ‘कुबडा’ अशी आहे आणि शेवटी कन्फ्यूशियस शिष्यांना त्याच्याविषयी सांगतो ते ‘हे कुबडे बुवा’ अशा आदराच्या शब्दाने. शरीर खोडाच्या बुंध्यासारखं आणि हात वठलेल्या फांदीसारखा धरतो, असं तो स्वतः सांगतो. वाकलेल्या पाठीच्या माणसाच्या तोंडी हे वाक्य आलं की त्याचं वजन बदलतं. कुबड काढलं की उरतो एक सरावाचा किस्सा, आणि असे किस्से आपल्याकडे ढिगाने आहेत, त्यासाठी छू राज्यापर्यंत जायला नको.

पण कुबड हा त्यातल्या त्यात लहान मामला. खरी गफलत पायाची आहे.

च्वांग त्सूच्या पाचव्या प्रकरणात एका पायाची माणसं ओळीने भेटतात. लू राज्यातला वांग थाय, ज्याच्याकडे कन्फ्यूशियसइतकेच शिष्य. शन्तू जिया, जो चंग राज्याचा प्रधान त्सूछान याच्याबरोबर एकाच गुरूकडे शिकतो. शूशानचा ‘बिनबोट्या’, जो टाचांवर चालत कन्फ्यूशियसला भेटायला येतो. मराठीत हे लोक येतात तेव्हा ‘एक लंगडा साधू’, ‘पाय नसलेला ज्ञानी’ असे येतात. वाचणाऱ्याला वाटतं, बिचारा, अपघात झाला असेल, नाहीतर पोलिओ. मुळातला शब्द तसं वाटूच देत नाही. पाय सरकारने तोडलेला माणूस, असा त्याचा अर्थ आहे.

त्या काळच्या दंडविधानात पाच शिक्षा होत्या: कपाळावर गोंदणं, नाक कापणं, पाय तोडणं, खच्ची करणं आणि ठार मारणं. ‘शू-चिंग’ या प्राचीन दस्तऐवजांच्या संग्रहात दंडावर एक प्रकरण आहे आणि त्यात कोणत्या शिक्षेखाली किती गुन्हे येतात याचा आकडा दिलाय. गोंदण्याचे १०००, नाकाचे १०००, पायाचे ५००, खच्चीकरणाचे ३००, मृत्यूचे २००. बेरीज ३०००. सरकारी हिशेब कसा, अगदी गोल.

याच हिशेबाची दुसरी बाजू मला बाजारात सापडली. छी राज्याचा राजा जिंग आपला मंत्री यान यिंग याला म्हणतो, तुझं घर बाजाराला लागून, अरुंद, धुळीचं, गोंगाटाचं. चांगल्या जागी हलव. यान यिंग नको म्हणतो, बाजार जवळ असलेला सोयीचा. राजा हसून विचारतो, बाजाराजवळ राहतोस तर सांग, काय स्वस्त आहे आणि काय महाग? यान यिंग म्हणतो, “जोडे स्वस्त आहेत, खुंटजोडे महाग.” पाय तोडलेल्या माणसाने खुंटाला बांधायच्या जोड्याला चिनीत स्वतंत्र शब्द होता, मराठीत मी खुंटजोडा म्हणतोय, तुम्हाला बरा सुचला तर कळवा. राजाच्या राज्यात इतके पाय तुटत होते की साध्या जोड्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. ‘त्सो-च्वान’ या बखरीत हा संवाद इ.स.पू. ५३९ च्या नोंदीखाली आहे, आणि तो ऐकून राजाने शिक्षा कमी केल्या असंही तिथे लिहिलंय. चार शब्दांचं ते उत्तर मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “भाव सांगितला, बाकी काही बोललाच नाही.”

आता याच्या उजेडात शन्तू जियाची गोष्ट पाहा. त्सूछान त्याला म्हणतो, मी आधी बाहेर पडलो तर तू मागे थांब, तू आधी पडलास तर मी थांबतो. दुसऱ्या दिवशी दोघं परत एकाच दालनात, एकाच चटईवर. त्सूछान पुन्हा तेच बजावतो आणि वर विचारतो, राज्याचा प्रधान समोर असताना तू बाजूला होत नाहीस, स्वतःला त्याच्या बरोबरीचा समजतोस काय? लंगड्याबरोबर चालायची लाज ही गोष्ट अर्धीच आहे. त्सूछानला लाज वाटते ती शिक्षा झालेल्या माणसाबरोबर दिसण्याची. आणि पाय तोडणारं सरकार कोणाचं? जो बाजूला हो म्हणतोय तो त्याच सरकारचा प्रधान. शन्तू जिया सांगतो, गुरूंबरोबर मी एकोणीस वर्षं आहे, पण मला एक पाय नाही हे त्यांना कधी जाणवलंही नाही. तू मात्र माझं बाहेरचं शरीरच शोधत बसलास. त्सूछानचा चेहरा पडतो. ‘एक लंगडा साधू’ असं भाषांतर केलं की या गोष्टीतून राजा अलगद उठून निघून जातो.

बिनबोट्याची गोष्ट तर कन्फ्यूशियसलाच लागते. (च्वांग त्सूचा कन्फ्यूशियस हे च्वांग त्सूने रचलेलं पात्र आहे, हेही व्याख्यानांत कोणी सांगत नाही.) तो म्हणतो, तू आधी जपला नाहीस, गुन्ह्यात सापडलास, आता येऊन काय उपयोग? बिनबोट्या उत्तर देतो, पायापेक्षा मोलाचं काहीतरी अजून माझ्याजवळ आहे, ते राखायला आलो होतो. आभाळ सगळ्यांवर पांघरूण घालतं, तुम्हाला मी आभाळ समजत होतो. कन्फ्यूशियस चुकलो म्हणून आत बोलावतो. बिनबोट्या निघून जातो.

तोडलेल्या माणसांना पुढे सरकार नोकऱ्याही देई. ‘चौ-ली’ हा चौ राज्याच्या कारभाराचा कागदोपत्री आराखडा. सगळं तसंच चालत असे असं समजायचं कारण नाही, पण मनातली मांडणी त्यात दिसते. गोंदलेल्यांनी दरवाजे राखावेत, नाक कापलेल्यांनी सीमेवरची नाकी, खच्ची केलेल्यांनी अंतःपुर, पाय तोडलेल्यांनी राजाची उपवनं. १९७६ साली शेन्शी प्रांतात फूफंगजवळ च्वांगपाय गावी पुरून ठेवलेली काशाची भांडी निघाली. त्यात एक चौकोनी पात्र आहे. खालच्या भागात निखारे ठेवायची पेटी, तिला उघडझाप होणारं दार, आणि दारापाशी राखणदार म्हणून पाय तोडलेल्या माणसाची इवलीशी मूर्ती. मी त्याचं छायाचित्र खूप वेळ पाहत बसलो. वर अन्न गरम राहायचं, आणि निखारे घालताना रोज कोणाचं तरी बोट त्या खुंटाजवळून जात असणार.

बिआन ह याची गोष्ट तुमच्यापैकी बरेच जण ‘जिद्द’ या सदरात सांगतात. डोंगरात सापडलेला जेडचा धोंडा तो छूच्या राजाला नेऊन देतो, पारखी म्हणतो हा साधा दगड, डावा पाय जातो. पुढच्या राजाला देतो, उजवा जातो. तिसऱ्या राजाच्या वेळी तो डोंगराच्या पायथ्याशी धोंडा कवटाळून तीन दिवस, तीन रात्री रडतो. राजा माणूस पाठवून विचारतो, पाय तोडलेले जगात पुष्कळ आहेत, तूच एवढा का रडतोस? हा प्रश्न मराठीत गाळला जातो. पुष्कळ आहेत! तो म्हणतो, पायांसाठी नाही रडत; रत्नाला दगड म्हणतात आणि खऱ्या माणसाला लबाड, म्हणून रडतो. शेवटी धोंडा फोडून रत्न निघतं आणि त्याला त्याचं नाव मिळतं. आपण टाळ्या वाजवतो. दोन पायांचं काय ते ही गोष्ट लिहिणाऱ्या हान फैने लिहिलं नाही, पण त्या गोष्टीतून त्याला जे म्हणायचं होतं ते राजांच्या कानाविषयी होतं, जिद्दीविषयी नव्हे.

एक पोरगी मात्र या सगळ्यात मला फार आवडते. छुनयू यी हा वैद्य. त्याला पाच मुली, मुलगा नाही. शिक्षेसाठी पकडून नेताना तो चिडून म्हणाला, पोरी काय कामाच्या, वेळेला एकही उपयोगी नाही. धाकटी थीयिंग रडत त्याच्यामागे राजधानी छांगआनला गेली आणि तिने सम्राट वन याला अर्ज लिहिला: मेलेला पुन्हा उठत नाही, तोडलेलं पुन्हा जोडता येत नाही, बापाऐवजी मला सरकारी बटीक करा. इ.स.पू. १६७ मध्ये सम्राटाने अवयव तोडण्याच्या शिक्षा रद्द केल्या. मुलांच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. हान घराण्याच्या इतिहासात ती पुढे चालते. नाकाऐवजी ३०० फटके, डाव्या पायाऐवजी ५०० फटके ठरले, आणि उजव्या पायाची शिक्षा थेट मृत्यूत गेली. फटक्यांखाली माणसं मरू लागली. नावाला सौम्य, खरं तर जीव घेणारी शिक्षा, असं इतिहासकारच लिहितो. पुढच्या सम्राटाला दोनदा आकडे खाली आणावे लागले. मुलांना एवढं सांगायला काय हरकत आहे? मुलं घाबरत नाहीत, संपादक घाबरतात.

आणि खच्चीकरण चालूच राहिलं, म्हणून तर आपल्याला इतिहासकार सिमा छ्येन ठाऊक आहे. इ.स.पू. ९८ च्या सुमारास, शत्रूला शरण गेलेल्या सेनापतीची बाजू दरबारात घेतल्याबद्दल त्याला ही शिक्षा झाली. पैसे भरून सुटता आलं असतं. घरात पैसे नव्हते, हे त्यानेच रन आन या मित्राला लिहिलेल्या पत्रात नोंदवलंय. त्या पत्रात तो लाजेचं वर्णन करतो: आतडी दिवसात नऊ वेळा पिळवटतात, घरात असलो तर काही हरवल्यासारखं, बाहेर पडलो तर कुठे चाललोय कळत नाही, आणि आठवण येताच घामाने पाठीवरचा कपडा भिजतो. मग तो आपल्यासारख्यांची यादी करतो. त्सो च्यूची दृष्टी गेली आणि ‘राज्यांच्या कथा’ आल्या, सुन बिनचे पाय तोडले आणि युद्धशास्त्र आलं. ही यादी तुमच्या ‘अपंगत्वावर मात’ छापाच्या पुस्तकांत हमखास असते, वर हसरा सूर्य छापून. मूळ पत्रात सूर्य नाही. पत्र लिहिणारा माणूस लाजेने घामाघूम आहे आणि १३० प्रकरणांचा इतिहास पुरा करायचाय म्हणून मरायचं लांबवतोय.

आता थोडं आमच्या घरच्या विषयावर येतो. आंधळ्यांवर.

चौ-लीच्या नोकरवर्गाच्या तक्त्यात दरबारी आंधळे वादक आहेत: वरच्या दर्जाचे ४०, मधले १००, खालचे १६०. एकूण ३००. आणि पुढच्याच ओळीत ‘डोळस सहायक, ३००’. माणशी एक! ही ओळ प्रथम वाचली तेव्हा मी मोठ्याने हसलो. माझं पद सापडलं. इतकी वर्षं दादाबरोबर हिंडतोय, पण मला आपला कोणीतरी लागतो म्हणूनच ओळखतात. इकडे माझ्या हुद्द्याची रीतसर जागा होती.

हा हुद्दा सांभाळायचा कसा हेही लिहून ठेवलंय. कन्फ्यूशियसच्या संवादांच्या पंधराव्या प्रकरणाचा शेवट. म्येन नावाचे आंधळे वादनगुरू भेटीला येतात. पायऱ्यांपाशी आल्यावर कन्फ्यूशियस म्हणतो, “पायरी आहे.” चटईपाशी म्हणतो, “चटई आहे.” सगळे बसल्यावर सांगतो, “अमुक इथे बसलाय, तमुक तिथे.” ते गेल्यावर एक शिष्य विचारतो, वादनगुरूंशी बोलायची रीत हीच का? तो म्हणतो, “होय, वादनगुरूंना साहाय्य करायची रीत हीच.” बस, एवढंच. तुमच्या ‘कन्फ्यूशियसची सुवचने’ या प्रकारातल्या पुस्तकांत हा उतारा मला एकदाही दिसला नाही, कारण त्यात वचन नाही. पायरी आहे.

दादाला हा उतारा पाठ आहे. कार्यक्रमाच्या ठिकाणी लोक काय करतात ते सांगतो. एक जण दंड पकडून पुढे ओढतो, दुसरा मागून ढकलतो, तिसरा “सावकाश, सावकाश” म्हणतो पण काय सावकाश ते सांगत नाही. खरं तर दादाने माझं कोपर धरायचं असतं आणि मी अर्धं पाऊल पुढे राहायचं असतं. कोपर वर गेलं की त्याला पायरी कळते. एका ठिकाणी आयोजकांनी मला विचारलं, “यांना चहा चालतो का?” दादा मधे बसलेला. तो शांतपणे म्हणाला, “यांना चालतो. साखर कमी.” अमुक इथे बसलाय, तमुक तिथे, हे सांगणं म्हणजे त्याला सभेत बसवणं. नाहीतर तो तिथे नुसता ठेवलेला असतो.

पायऱ्यांचीच दुसरी एक गोष्ट त्सो-च्वानमध्ये आहे. इ.स.पू. ५९२. जिन राज्याचा वकील शी ख छीच्या दरबारात येतो. राजाने आपल्या आईला आणि बायकांना मौज पाहायला पडद्याआड बसवलेलं. शी ख पायऱ्या चढायला लागतो आणि आतून बायका हसतात. तो शपथ घेऊन परततो आणि तीन वर्षांनी आनच्या लढाईत छीचा पराभव होतो. तहाच्या अटींत हसणाऱ्या राजमातेला ओलीस मागितलं जातं. आता गंमत अशी की शी खला नेमकं काय झालं होतं यावर ग्रंथांचं जमत नाही. एका भाष्यग्रंथात तो एका डोळ्याने अधू आहे, सिमा छ्येनकडे कुबडा, परंपरेतल्या टीकाकाराकडे लंगडा. त्या भाष्यग्रंथात तर एकाच वेळी चार राज्यांचे चार वकील येतात, एक टकला, एक एकाक्ष, एक लंगडा, एक कुबडा, आणि छीवाले मुद्दाम टकल्याच्या दिमतीला टकला, लंगड्याच्या दिमतीला लंगडा देतात. हसणं सगळ्यांनी जपून ठेवलं, माणूस कोणी नीट पाहिला नाही.

शब्दांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘ली-ची’ या आचारग्रंथात राज्याने कोणाला पोसावं याची यादी आहे: मुके, बहिरे, लंगडे, पांगळे, थोटे, ठेंगू, आणि त्यांच्याच ओळीत कारागीर. प्रत्येकाने जमेल ते काम करून खावं. मुळात लंगडा आणि पांगळा यांना वेगळी अक्षरं आहेत, आणि आपल्याकडे वेगळे शब्द आहेत: एक चालतो पण झुकून, दुसऱ्याला चालताच येत नाही. इतकी सुरेख जोडी हाताशी असताना एका अनुवादात ही अख्खी ओळ ‘सर्व दिव्यांग व्यक्ती’ अशी उरकलेली मी पाहिली. कायद्याच्या कागदावर तो शब्द असू दे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या धान्यवाटपाच्या यादीत तो घातला की कोणाला काय मिळायचं हेच पुसलं जातं. ‘जुने शब्द दुखावतात’ हे मला मान्य आहे, दादाला रस्त्यात हाक मारून तो शब्द वापरणारे भेटलेत. म्हणून तर म्हणतो, तळटीप द्या, पण यादी यादीच ठेवा.

कारण यादीत फटीही आहेत. ‘राज्यांच्या कथा’ या ग्रंथात एक मंत्री राजाला आठ व्याधी मोजून दाखवतो. ज्याला वाकता येत नाही, ज्याला ताठ होता येत नाही, बुटका, ठेंगू, आंधळा, मुका, बहिरा, मंदबुद्धी. मग कामं वाटतो: वाकलेल्याने घंटा वाजवावी, न वाकणाऱ्याने जेडची वाद्यं अंगावर घ्यावीत, ठेंगूने भाल्याच्या दांड्यावर कसरती कराव्यात, आंधळ्याने संगीत, बहिऱ्याने विस्तव सांभाळावा. वाचताना बरं वाटत जातं. पुढचं वाक्य असं की मंदबुद्धी, मुके आणि बुटके यांचा अधिकाऱ्यांना उपयोग नाही, त्यांना सीमेपलीकडच्या मुलखात वसवावं. ‘प्राचीन चीनमधील समावेशकता’ अशा मथळ्याचा लेख लिहायला घ्याल तेव्हा या वाक्यापर्यंत या.

च्वांग त्सू अशाच हिशेबाची टर उडवतो. त्याचा चिली शू असा आहे की हनुवटी बेंबीत, खांदे डोक्याच्या वर, शेंडी आभाळाकडे. शिवणटिपण आणि धुणं करून पोट भरतो, धान्य पाखडून दहा जणांना पोसतो. सैन्यभरती आली की बाह्या सरसावून खुशाल गर्दीत फिरतो, वेठबिगारीत त्याला सूट, आणि आजाऱ्यांना धान्य वाटलं की तीन चुंग धान्य आणि दहा मोळ्या जळण घेऊन घरी. यात ‘आंतरिक सौंदर्य’ शोधू नका. धडधाकट माणसाला राज्य कसं खातं, हे तो सांगतोय. आपल्याकडे एकनाथांच्या भारुडांतला आंधळा, पांगळा, बहिरा ही जीवाची सोंगं असतात. त्या सवयीने आपण चिली शूलाही सोंग समजतो. तो शिंपी आहे.

दुष्काळाची एक नोंद आहे ती शाळेच्या पुस्तकात असावी असं मला मनापासून वाटतं. इ.स.पू. ६३९, लू राज्यात पाऊस नाही. राजा एका देवऋषीला आणि वाकड्या अंगाच्या माणसाला जाळायला निघतो, म्हणजे आभाळाला दया येईल. त्सांग वन-चुंग अडवतो: दुष्काळाची तयारी ही नव्हे. तट दुरुस्त करा, खाण्यात काटकसर करा, शेतीकडे लक्ष द्या, एकमेकांना वाटून खा. हे काय करणार? आभाळाला यांना मारायचंच असतं तर जन्माला घातलं नसतं. आणि यांच्यात दुष्काळ आणायची ताकद असेल तर जाळल्याने तो वाढेल. राजाने ऐकलं. ली-चीतल्या अशाच दुसऱ्या प्रसंगी असं माणूस उन्हात उभं करायचा बेत असतो, तेव्हा सल्लागार म्हणतो, पाऊस पडत नाही म्हणून कोणाचं तरी आजारी लेकरू उन्हात ठेवायचं, हा छळ आहे. कोणाचं तरी लेकरू. या शब्दावर दादाने मला थांबवलं होतं आणि परत वाचायला लावलं होतं.

शेवटचा कागद, खरं तर बांबूची पट्टी. १९७५ साली हुपै प्रांतात युनमंगजवळ श्वेहूदी इथे छिन काळातल्या एका स्थानिक अधिकाऱ्याची कबर सापडली, मृत्यू इ.स.पू. २१७ च्या सुमाराचा. त्याच्याबरोबर कायद्याच्या हजाराहून अधिक पट्ट्या पुरलेल्या. त्यांत पंचनाम्यांचे नमुने आहेत, कारकुनांनी गिरवायला. माणसांची नावं जिया, बिंग, दिंग, म्हणजे आपले अ, क, ड. एक नमुना असा: गावचा प्रमुख अ याने गावकरी क याला आणलं, महारोगाचा संशय. क सांगतो, तीन वर्षांचा असताना डोक्यात फोड आले, भुवया सुजल्या, काय रोग ते ठाऊक नाही, दुसरा काही गुन्हा नाही. वैद्य ड तपासतो. भुवया नाहीत. नाकाचा दांडा बसलेला. नाकात काडी घातली, शिंक आली नाही. हातावर लव नाही. ओरडायला सांगितलं, आवाज फुटका. महारोग आहे.

याच पट्ट्यांत दुसरीकडे कायद्याचं प्रश्नोत्तर आहे: गुन्हा केलेल्या महारोग्याला जिवंत पाण्यात बुडवावं. रोग्यांना हलवायची वेगळी जागाही होती.

क ला ना च्वांग त्सू भेटला ना सिमा छ्येन. त्याने रत्न आणलं नाही, ग्रंथ लिहिला नाही, किडेही टिपले नाहीत. तुमच्या पुढच्या पुस्तकात त्याला अर्धं पान द्या, बोध न लावता. कुबड्या बुवांना कुबड परत द्या, शन्तू जियाचा पाय कोणी तोडला ते सांगा, आणि म्येन गुरूंच्या पायऱ्या गाळू नका. अनुवाद तपासायला कोणी हवं असेल तर आम्ही दोघं येऊ. जिन्याला कठडा असला तर बरं.

त्या रात्री मी हा पंचनामा दादाला वाचून दाखवला. तो पेटीचा भाता पुसत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ओरड म्हटल्यावर काय ओरडला असेल रे?”

आपला,
दादाचा धाकटा भाऊ
(डोळस सहायक, ३०० पैकी एक)